देव बाहेर काढले, आता जादूगार कशाला? भिवपुरीच्या विहारात अद्भुतकथा वाचताना

"छप्पन साली आम्ही देव घराबाहेर काढले आणि तुम्ही पोरं आता जादूगार आत आणताय?" विहाराच्या पायरीवर बसलेल्या एका आजोबांनी हे विचारलं तेव्हा आम्ही सगळे हसलो. ते मात्र हसत नव्हते. त्यांच्या आईने टोपलीत भरून नदीला सोडलेले टाक त्यांना आठवत होते. आम्हाला ते फक्त ऐकून माहीत आहेत.

प्रश्न खरा होता, त्यामुळे तो टाळता आला नाही. आमच्या वाचन मंडळात आम्ही फँटसी, म्हणजे अद्भुतकथा, का वाचतो, कशी वाचतो आणि त्यात कुठे अडखळलो, ते इथे मांडतो आहोत. इतर गावांतल्या तरुणांनीही असं मंडळ सुरू करावं, हा स्वार्थ आहेच.

आधी आमच्याबद्दल. भिवपुरी रोड हे कर्जतच्या अलीकडचं स्टेशन. टाटांच्या १९२२ सालच्या जलविद्युत केंद्रामुळे भिवपुरीचं नाव जुन्या माणसांना माहीत आहे, आणि पावसाळ्यात धबधब्यावर येणाऱ्या मुंबईकरांमुळे नव्यांना. आम्ही इथल्या आसपासच्या वस्त्यांमधले दहा-बारा जण. कोणी कॉलेजात, कोणी कारखान्यात, कोणी रोज लोकलने ठाण्या-मुंबईला जाणारे. दोन गृहिणी आहेत आणि एक निवृत्त शिक्षिका आहेत, त्यांना आम्ही सगळे बाईच म्हणतो.

वर्षावासात आपल्या विहारांमध्ये 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचं वाचन होतं. आषाढ पौर्णिमेपासून अश्विन पौर्णिमेपर्यंत संध्याकाळी माणसं जमतात, एक जण वाचतो, बाकीचे ऐकतात. एकत्र बसून पुस्तक ऐकण्याची ही सवय आपल्या समाजाने किती वर्षं सांभाळली आहे, याचं आपल्याला पुरेसं कौतुक नाही. पण समारोप झाला, खीरदान झालं, की ग्रंथ वस्त्रात गुंडाळला जातो आणि विहार पुन्हा रिकामा. कपाटात उरतात पोलीस भरतीची आणि एमपीएससीची गाइडं. ती हवीतच, त्यांच्यावर घरं उभी राहिली आहेत. पण अठरा वर्षांच्या मुलीने वाचायचं म्हणजे फक्त भरतीसाठी वाचायचं, हे आम्हाला खुपायला लागलं. म्हणून अश्विन पौर्णिमेनंतरच्या रविवारी बसायचं ठरलं. काय वाचायचं यावर मत घेतलं तर सगळ्यात लहान दोघांनी हॅरी पॉटर म्हटलं. तिथून हे सगळं सुरू झालं.

फँटसी म्हणजे काय, हे पहिल्याच दिवशी ठरवावं लागलं. जयंत नारळीकरांच्या कथा आपल्याला माहीत आहेत. त्यात विज्ञानाला धरून 'असं झालं तर' हा प्रश्न असतो. फँटसी विज्ञानाला बांधलेली नसते. ती स्वतःचं जग उभं करते, त्या जगाचे नियम ठरवते आणि मग ते नियम पाळते. मराठीला हे नवं नाही. लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची 'मुक्तामाला' १८६१ सालची, नाथमाधवांची 'वीरधवल' १९१३ सालची. आणि 'चांदोबा'तला विक्रम-वेताळ तर ज्यांच्या घरी एकही पुस्तक नव्हतं त्यांनीही कुठे ना कुठे वाचलेला आहे. तेव्हा अद्भुतकथा आपल्याकडे इंग्रजीतून आली, हा समज सोडून द्यावा.

आता आजोबांचा मुद्दा. चमत्काराला बुद्धांचा विरोध होता, हे आपण जाणतो. दीघनिकायातल्या केवट्ट सुत्तात नालंदेचा एक गृहस्थ बुद्धांना सुचवतो की एखाद्या भिक्खूला चमत्कार दाखवायला सांगा, लोकांची श्रद्धा वाढेल. बुद्ध साफ नाकारतात आणि उपदेशाने माणूस बदलणं हेच श्रेष्ठ प्रातिहार्य मानतात. विनयात पिंडोल भारद्वाजाची गोष्ट आहे. राजगृहाच्या श्रेष्ठीने उंच टांगलेलं चंदनाचं पात्र त्याने हवेत उडून काढून आणलं. लोक खूश झाले. बुद्धांनी मात्र त्याची कानउघाडणी केली आणि गृहस्थांसमोर असले प्रकार करू नयेत असा नियमच घातला.

यातली गंमत बाईंनी दाखवली. चमत्काराला विरोध करणारी ही शिकवण पोहोचते कशातून? उडणाऱ्या भिक्खूच्या गोष्टीतून! म्हणजे आपल्या परंपरेला अद्भुत गोष्टीचं वावडं नव्हतं. वावडं होतं ते अद्भुताच्या नावाने लोकांना गुंडाळण्याचं. बुवा म्हणतो, हे खरं आहे, विश्वास ठेव आणि पावती फाड. कादंबरीकार पहिल्या पानावरच कबूल करतो की हे मी रचलेलं आहे. आमच्या भागात आजही करणी, भानामती, अंगात येणं यांच्या नावाने माणसं लुबाडली जातात. त्याविरुद्ध आपल्या राज्याला २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा करावा लागला. कायद्यासाठी लढणाऱ्यांचा विरोध फसवणुकीला होता, गोष्टीला नव्हता.

अर्थात ही रेघ दरवेळी इतकी स्वच्छ नसते. जातककथा हेच उदाहरण. पाली परंपरेत त्या बोधिसत्त्वाच्या पूर्वजन्मांच्या म्हणून सांगितल्या आहेत, आणि पुनर्जन्माच्या रूढ कल्पनेची बाबासाहेबांनी कठोर चिकित्सा केली आहे. आम्ही जातकं लोककथा म्हणून वाचतो आणि वाचण्याआधी तसं मोठ्याने सांगतो. लहान मुलं बसलेली असतात, त्यांच्यासाठी हे सांगणं गरजेचं आहे.

५४७ जातकांपैकी ४७४ क्रमांकाचं अंबजातक वाचलं त्या रविवारी विहाराला कुलूप लावायला रात्रीचे साडेदहा झाले. दुर्गा भागवतांनी 'सिद्धार्थ जातक' या नावाने जातकं मराठीत आणली आहेत, तालुक्याच्या वाचनालयात चौकशी करावी. गोष्ट अशी. एका चांडाळ आचार्याला आंब्याचा मंत्र येत असतो. झाडापासून सात पावलांवर उभं राहून मंत्र म्हणायचा आणि ओंजळभर पाणी शिंपडायचं. जुनी पानं गळतात, नवी फुटतात, मोहोर येतो आणि पिकलेले आंबे खाली पडतात, तेही हंगाम नसताना. हे आंबे विकून आचार्य पोट भरतो. एक ब्राह्मण तरुण हे पाहतो आणि मंत्र मिळावा म्हणून त्याच्या घरी राबतो. लाकडं आणतो, स्वयंपाक करतो. आचार्य ओळखून असतो की याच्याकडे ही विद्या टिकणार नाही. पण त्याची बायको म्हणते, एवढी सेवा केली आहे त्याने, टिको न टिको, तुम्ही द्या. आचार्य मंत्र देतो. अट एकच, गुरू कोण असं कुणी विचारलं तर लपवायचं नाही.

तरुण राजाकडे जातो, अवेळी आंबे काढून देतो, मानमरातब मिळवतो. एक दिवस राजा विचारतो, ही विद्या कोणाकडून शिकलास? चांडाळाचं नाव घेतलं तर लोक काय म्हणतील, या लाजेने तो सांगतो की तक्षशिलेच्या एका ब्राह्मण आचार्याकडून. पुढच्या वेळी तो झाडासमोर उभा राहतो तर मंत्र आठवतच नाही. शेवटी तो खरं कबूल करतो. राजा संतापतो. ज्याच्याकडून ज्ञान मिळालं तो माणूस श्रेष्ठ, मग तो क्षत्रिय असो की चांडाळ, असं सुनावून त्याला हाकलून देतो. तो परत गुरूकडे जातो, पण गुरू पुन्हा विद्या देत नाही.

वाचन संपल्यावर थोडा वेळ कोणी बोललं नाही. मग कारखान्यात काम करणारा आमचा एक मित्र म्हणाला, "मशीन मी शिकवलं त्याला, आणि साहेबांसमोर म्हणतो कोर्समध्ये शिकलो." त्यावरून सुरू झालं ते थांबेना. नर्सिंग करणारी ताई, ढोलकी शिकवणारे काका, प्रत्येकाकडे आपला आंब्याचा मंत्र होता, कोणीतरी नेलेला आणि नाव न घेतलेला. दोन हजार वर्षांपूर्वीच्या गोष्टीने हे बाहेर काढलं. सरळ 'आपल्यावरील अन्याय' असा विषय ठेवून चर्चा घेतली असती तर भाषणं झाली असती.

आणि एक उलटा प्रश्नही निघाला, तो जास्त झोंबला. आपल्यापैकी कोण आपलं आडनाव विचारल्यावर गप्प बसलं आहे? भाड्याने खोली घेताना घरातला बाबासाहेबांचा फोटो कोणी आतल्या खोलीत नेला आहे? विद्या विसरण्याची शिक्षा त्या तरुणाला मिळाली. पण लाजेने गुरू लपवण्याची पाळी आपल्यावरही येते. फरक एवढाच की त्याला बढाई मारायची होती आणि आपल्याला खोली हवी असते. बाबुराव बागुलांच्या १९६३ सालच्या 'जेव्हा मी जात चोरली होती' या संग्रहाचं नाव तेव्हा आपोआप निघालं. पुढच्या रविवारी तेच वाचलं, फँटसी बाजूला ठेवून.

सगळीच जातकं अशी पचली नाहीत. मातंग जातकात चांडाळाचं दर्शन अशुभ मानणाऱ्या श्रेष्ठीकन्येच्या दारात मातंग आडवा पडून राहतो आणि शेवटी ती कन्या त्याला देऊन टाकली जाते. पुरुषांना गोष्ट आवडली. बायकांनी विचारलं, तिला कोणी विचारलं का? जातीचा अपमान झाला म्हणून त्याची भरपाई मुलीने का करायची? याचं उत्तर गोष्टीत नाही आणि आमच्याकडेही नव्हतं. नंतर दोन आठवडे एक सदस्य रागाने आले नाहीत. मग आले.

हॅरी पॉटरची पहिली दोन पुस्तकं आम्ही मराठीत वाचली, पुढचं ज्यांनी वाचलं होतं त्यांनी सांगितलं. पहिल्याचं मराठी नाव 'हॅरी पॉटर आणि परीस'. मोठ्यांना हे पोरकट वाटणार असं आम्ही धरून चाललो होतो. पण शुद्ध रक्ताच्या जादूगारांचा माज आणि जादू न येणाऱ्या आईबापांच्या पोटी जन्मलेल्या हर्मायनीला दिलेली 'घाण रक्ताची' ही शिवी वाचल्यावर कोणालाही स्पष्टीकरण लागलं नाही. वर्गात सगळ्यात हुशार मुलगी ती, आणि शिवी तिलाच. एक आजी म्हणाल्या, "हे विलायतेत पण आहे का?"

मात्र इथे थांबू नये. लेखिका शुद्ध रक्ताच्या विरोधात आहे हे खरं, पण तिच्या जगात जादू शेवटी जन्मानेच येते. ज्याच्यात ती नाही त्याने कितीही अभ्यास केला तरी त्या शाळेचं पत्र त्याला येणार नाही. सुत्तनिपातातल्या वसल सुत्तात बुद्ध म्हणतात की माणूस जन्माने नीच ठरत नाही, कर्माने ठरतो. त्या मापाने मोजलं तर ही कादंबरी अर्ध्या रस्त्यात थांबते, असं आमचं मत झालं. आमच्यातल्या दोन कट्टर चाहत्यांना ते अजून मान्य नाही.

त्या मालिकेतला घरगडी एल्फांचा भाग कार्यकर्त्यांनी जरूर वाचावा. हे एल्फ पिढ्यान्‌पिढ्या बिनपगारी राबतात आणि मालकाने कपडा दिला तरच मुक्त होतात. हर्मायनी त्यांच्या मुक्तीसाठी संघटना काढते, बॅज विकते आणि त्यांना न विचारता त्यांच्यासाठी टोप्या विणून लपवून ठेवते. एल्फांना अपमान वाटतो, ते त्या खोल्या साफ करायलाच येईनासे होतात. आमच्या वाड्यावस्त्यांवर शनिवार-रविवारी गाडीतून उतरून वह्या वाटणारे, फोटो काढणारे लोक येतात. हा भाग वाचताना सगळ्यांना तेच आठवले. मग बाई शांतपणे म्हणाल्या, की आपण कातकरी वाडीवर जातो तेव्हा आपण कोण असतो? त्या दिवशी चहा जरा लवकर झाला.

इंग्रजी पुस्तकांसाठी आमची सोपी पद्धत आहे. ज्याला वाचता येतं त्याने आठवडाभरात वाचायचं आणि रविवारी मराठीत सांगायचं, कीर्तनकार सांगतो तसं, थांबत, प्रश्न घेत. अमेरिकन लेखिका उर्सुला ले ग्विन यांची 'अ विझर्ड ऑफ अर्थसी' ही १९६८ सालची कादंबरी आम्ही अशी ऐकली. बेटावरचा, शेळ्या राखणारा, तांबूस-सावळ्या कातडीचा मुलगा जादू शिकतो. गर्वापायी, चढाओढीत, तो एक काळी सावली जगात आणतो आणि तिला घाबरून पळत राहतो. शेवटी वळून तिचा पाठलाग करतो आणि तिला नाव देतो, तर ते त्याचंच नाव असतं. आपल्या मनातला द्वेष पाहून त्याला ओळखण्याची जी साधना धम्मात सांगितली आहे, तिच्याजवळ जाणारी ही गोष्ट आहे. २००४ साली अमेरिकन टीव्हीवर तिची मालिका आली तेव्हा नायक गोरा करून टाकला होता. लेखिकेने जाहीर निषेध केला. आपल्याकडच्या पौराणिक मालिकांत असुर काळे आणि देव गोरे का असतात, हा प्रश्न मग आपोआप आला. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी'त अवतारांच्या कथा उलट्या बाजूने वाचून दाखवल्या होत्या. राक्षस कोण हे गोष्ट सांगणारा ठरवतो, हे आपल्याला कोणा इंग्रजी समीक्षकाकडून शिकायची गरज नाही.

याच लेखिकेची ओमेलास नावाच्या शहरावरची एक छोटी कथा आहे, १९७३ सालची. एका बैठकीत होते. शहर सुंदर, सगळे सुखी, पण त्या सुखाची अट अशी की तळघरात एक मूल कायम उपाशी, घाणीत कोंडलेलं राहिलं पाहिजे. सगळ्यांना हे माहीत असतं. काही माणसं ते पाहून शहर सोडून निघून जातात. आमच्या एका मुलीने विचारलं, "सोडून गेले ठीक, पण ते मूल तिथेच ना?" कृष्णवर्णीय लेखिका एन. के. जेमिसिन यांनाही अशीच काहीतरी टोचणी लागली असावी. २०१८ सालच्या त्यांच्या कथासंग्रहात निघून न जाता लढणाऱ्यांची एक कथा आहे, या कथेला उत्तर म्हणून लिहिलेली. त्याच जेमिसिन यांना २०१६, २०१७ आणि २०१८ अशी सलग तीन वर्षं कादंबरीसाठीचा ह्युगो पुरस्कार मिळाला. गाव सोडून मुंबईला जायचं की इथे राहायचं, या आमच्या नेहमीच्या वादाला त्या दिवशी वेगळीच धार आली. निकाल लागला नाही.

आम्हाला महत्त्वाची वाटणारी आणखी एक गोष्ट आहे. आपल्या साहित्याने मराठीला 'बलुतं' दिलं, 'उपरा' दिलं. सोसलेलं जसंच्या तसं सांगण्याची ताकद आपण सिद्ध केली. पण त्यातून एक विचित्र अपेक्षाही तयार झाली, की आपल्या मुलांनी लिहायचं तर दुःखच लिहायचं. ड्रॅगन, उडती जहाजं, समुद्राखालची नगरं ही दुसऱ्यांच्या मुलांसाठी. संत रविदासांनी दुःख आणि कर नसलेल्या बेगमपुऱ्याची कल्पना केली ती काही डोळ्यांनी पाहून केली नव्हती. मिमी मोंडल या दलित लेखिका आज इंग्रजीत फँटसी लिहितात, त्यांनी सहसंपादित केलेलं पुस्तक २०१८ साली ह्युगोच्या अंतिम यादीत होतं. आमच्या मंडळातल्या नववीतल्या मुलाने एक गोष्ट लिहायला घेतली आहे. भिवपुरीच्या वीजकेंद्रातलं पाणी एक दिवस वर चढायला लागतं, एवढंच त्याने आम्हाला सांगितलं आहे.

मंडळ सुरू करायचं असेल तर काही अनुभवाच्या गोष्टी. सुरुवात अंबजातकासारख्या एका बैठकीत संपणाऱ्या गोष्टीने करा, जाड कादंबरीने केलीत तर तिसऱ्या रविवारी तिघेच उरतात. मोठ्याने वाचा, म्हणजे ज्यांना वाचता येत नाही ते बाहेर राहत नाहीत. आमच्याकडची सगळ्यात नेमकी मतं न वाचता येणाऱ्या दोन आजींची असतात. सिनेमा आधी दाखवू नका, नाहीतर चेहरे ठरून जातात. या जगात भांडी कोण घासतं, शक्ती कोणाकडे आणि कशी आली, ज्याला राक्षस म्हटलं आहे त्याला बोलायला मिळतं का, एवढं विचारलं की चर्चा स्वतःहून चालते. आणि वर्षावासात हे मंडळ बंद ठेवा, त्या तीन महिन्यांची जागा दुसऱ्या कशाने घेऊ नये.

हिवाळ्यात एकदा आम्ही कोंढाणे लेण्यात जाऊन बसलो. कर्जतहून कोंदिवड्यापर्यंत गाडी जाते, पुढे चढ. राजमाचीच्या पायथ्याचं हे लेणं इसवीसनापूर्वीचं. चैत्याच्या दर्शनी भागात एका यक्षाची भंगलेली मूर्ती आहे आणि तिच्याजवळ ब्राह्मी लेख, कण्हाचा शिष्य बालक याने हे केलं, अशा अर्थाचा. ध्यान करणाऱ्या भिक्खूंच्या दारात यक्ष! शिल्पकाराने गुरूचं नाव आपल्या नावाबरोबर कोरून ठेवलं आहे, हे पाहून अंबजातक ऐकलेले सगळे एकमेकांकडे बघायला लागले.

पायरीवरच्या आजोबांना आम्ही बाबासाहेबांनी स्वतः लिहिलेली एक आठवण वाचून दाखवली. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'साठी त्यांनी लिहिलेल्या, पण त्यांच्या हयातीत प्रसिद्ध न झालेल्या प्रस्तावनेत ती आहे. रामजीबाबा मुलांकडून रामायण-महाभारत वाचून घेत. आपल्याला हे कशाला, असं भीमरावांनी विचारलं. वडील म्हणाले की अस्पृश्य म्हणून मनात येणारा कमीपणा जाण्यासाठी. द्रोण आणि कर्ण बघ, वाल्मिकी बघ, लहान माणसं किती मोठी झाली. भीमरावांचं समाधान झालं नाही. महाभारतातलं एकही पात्र आपल्याला आवडत नाही असं त्यांनी वडिलांना सांगून टाकलं. पुढे केळुसकर गुरुजींनी दिलेलं बुद्धचरित्र वाचताना ती आधीची पुस्तकं त्यांच्या वाचनात होती, म्हणून त्यांना तुलना करता आली.

आजोबांनी ऐकून घेतलं. "म्हणजे वाचून मग नाकारायचं," ते म्हणाले. आम्ही म्हटलं, किंवा वाचून मग ठरवायचं. त्यावर ते काही बोलले नाहीत. पण पुढच्या रविवारी आत येऊन बसले आणि चर्चेत एकच विचारलं, की त्या आचार्याने पोराला दुसऱ्यांदा मंत्र का दिला नाही, चूक कबूल केली होती ना त्याने? अंगुलिमालाला तर बुद्धांनी संघात घेतलं.

त्यावर आमच्यात सरळ दोन तट पडले आहेत. येत्या रविवारी अंगुलिमाल सुत्त आणि अंबजातक शेजारी ठेवून वाचणार आहोत. संध्याकाळी सहाला, कर्जत लोकल आल्यावर.